सरकार पडत नाही, बंद पडतं: अमेरिकेतली बारावीची मुलं लोकशाही कशी शिकतात

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इकडे शटडाऊन सुरू झालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने टीव्हीवर बघितलं होतं की अमेरिकेचं सरकार बंद. "बंद म्हणजे पडलं का गं? मग आता निवडणूक लागणार?" मी गॅसपाशी होते, म्हटलं थांब, आणि फोन लेकीच्या हातात दिला, ती बारावीत आहे आणि तिला यावर्षी गव्हर्नमेंट हाच विषय आहे. ती म्हणाली, "आजी, इकडे सरकार पडत नाही, बंद पडतं." आई दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "बरं, मग आता नीट समजावून सांग."

पाऊण तास चाललं ते. माझी भाजी झाली, पोळ्या झाल्या, तरी दोघी चालूच. आणि मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ही पोरगी शाळेत जे शिकतेय ते आम्ही नागरिकशास्त्र म्हणून जे वीस मार्कांसाठी पाठ केलं त्याच्यापेक्षा फार वेगळं आहे. तेव्हापासून मी तिच्या वह्या आणि वाचायला दिलेले कागद तिच्याबरोबर बसून वाचतेय. भारतातले नातेवाईक विचारतात, इथे नवीन आलेली मराठी कुटुंबं पण विचारतात की हा विषय नक्की काय आहे, घ्यावा का, त्यात असतं काय. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते.

आधी काही शब्द, नाहीतर पुढे गोंधळ होईल

इकडे काँग्रेस म्हणजे पक्ष नाही, काँग्रेस म्हणजे संसद. तिची दोन सभागृहं. एक हाऊस, त्यात ४३५ जण, लोकसंख्येप्रमाणे, दर दोन वर्षांनी निवडणूक. दुसरं सिनेट, त्यात १००, प्रत्येक राज्याचे दोन, सहा वर्षांसाठी.

गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नाहीत. इकडचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा माणूस. सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे सचिव नाही, परराष्ट्रमंत्री. आणि फेडरल म्हणजे केंद्राचं, वॉशिंग्टनचं.

अजून एक गोष्ट आईला पटायला वेळ लागला. इकडे मंत्री खासदार नसतो, असूच शकत नाही. मार्को रुबिओ फ्लोरिडाचे सिनेटर होते, २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा त्यांना सिनेट सोडावं लागलं. आपल्याकडे मंत्री व्हायला सभागृहात असावं लागतं, नसेल तर सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. बरोबर उलटं. हे उलटं का आहे हे कळलं की निम्मा विषय कळला.

मग सरकार बंद का पडतं?

आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर उभा असतो. लोकसभेने पैसेच मंजूर केले नाहीत तर त्याचा अर्थ बहुमत गेलं, सरकार पडलं. इकडे राष्ट्राध्यक्ष वेगळ्या निवडणुकीतून येतो, चार वर्षांसाठी, काँग्रेस त्याच्यावर कितीही नाराज असली तरी अविश्वास ठराव आणून त्याला घालवू शकत नाही. महाभियोग आहे, पण तो गुन्ह्यासाठी, नाराजीसाठी नाही. आणि राष्ट्राध्यक्षही काँग्रेस बरखास्त करू शकत नाही. म्हणजे दोघंही खुर्चीवर पक्के. पण तिजोरीची चावी काँग्रेसकडे. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की काँग्रेसने कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही. मग आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपलं आणि नवीन मंजुरी झाली नाही की काय होणार? कोणी पडत नाही, कोणी हटत नाही, फक्त पैसा थांबतो, ऑफिसं बंद होतात, आणि ज्यांचं काम थांबवताच येत नाही ते लोक बिनपगारी कामावर येतात. विमानतळावरचे एअर ट्रॅफिकवाले असेच येत होते. २०२५ चं शटडाऊन १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस चाललं, तोवरचं सगळ्यात लांब. त्याआधीचा रेकॉर्ड २०१८-१९ चा, ३५ दिवस.

आईचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता: पण राष्ट्राध्यक्ष, हाऊस, सिनेट सगळीकडे एकाच पक्षाची माणसं आहेत ना, मग अडलं कुठे? अडलं सिनेटमध्ये. तिथे बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर ६० जण लागतात आणि रिपब्लिकनांकडे होते ५३. ही ६० ची अट घटनेत नाही बरं का, तो सिनेटचा स्वतःचा नियम आहे, चर्चा लांबवून मतदान अडवण्याला फिलिबस्टर म्हणतात. माझ्या लेकीच्या वहीत त्यापुढे लाल पेनने लिहिलंय, "घटनेत नाही!!" कारण परीक्षेत हे हमखास चुकतं.

हा विषय नक्की असतो काय?

शिक्षण हा इकडे राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याचं वेगळं. बऱ्याच राज्यांत हायस्कूलमध्ये निदान एक सेमिस्टर सरकार किंवा नागरिकशास्त्र घ्यावंच लागतं. त्यातला जड प्रकार म्हणजे एपी गव्हर्नमेंट. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा कोर्स पण शाळेतच, मे महिन्यात देशभर एक परीक्षा, मार्क १ ते ५, चांगले पडले तर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात म्हणजे तिकडे तो विषय परत घ्यावा लागत नाही आणि पैसे वाचतात. मराठी घरांत हा कोर्स बहुतेक वेळा या पैशांच्या हिशोबानेच घेतला जातो, आमच्याकडेही तसंच झालं.

पेपर तीन तासांचा. ५५ प्रश्न पर्यायांचे आणि ४ लिहायचे. पण अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे दोन याद्या. एक, नऊ मूळ कागदपत्रं. दोन, सुप्रीम कोर्टाचे निकाल, आधी पंधरा होते, आता चौदा. मुलांनी या कागदपत्रांबद्दलचं गाइड नाही, मूळ कागद वाचायचा असतो, सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत. पहिला महिना लेक वैतागली होती. एक वाक्य सहा ओळींचं, क्रियापद सापडेपर्यंत कर्ता विसरलेला. मग मी आणि ती एक पान मी मोठ्याने वाचायचं, एक तिने, असं करत बसलो.

मुळात भीती कसली होती?

१७७६ ला यांनी इंग्लंडच्या राजाला सोडलं. राजाचा इतका धसका होता की पहिली जी व्यवस्था बनवली, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, तिच्यात केंद्राला जवळपास काहीच दिलं नाही. केंद्राला कर लावता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे, ते देतील तर देतील. त्यात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांनी हो म्हणायला हवं. आपल्या हाउसिंग सोसायटीचा विचार करा जिथे मेंटेनन्स ऐच्छिक आहे, आणि तो सक्तीचा करायचा तर शंभर टक्के फ्लॅटवाल्यांची सही लागते. लिफ्ट कधी दुरुस्त होणार?

लिफ्ट बंद पडलीच. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी उठले. त्यातले बरेच जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, पगार धड मिळाला नव्हता, आता कर आणि कर्जापायी जमिनी जप्त व्हायला लागल्या. त्यांनी कोर्टांना वेढे घातले म्हणजे जप्तीचे हुकूमच निघू नयेत. डॅनियल शेज नावाचा माजी कॅप्टन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. केंद्राला फौज उभी करता आली नाही, शेवटी बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून फौज उभी केली. शेतकऱ्याची जप्ती म्हटलं की आपल्याला दख्खनचे १८७५ चे दंगे आठवतात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या घरातली कर्जखतं जाळली होती ते. कागद जाळायचे किंवा कागद निघूच द्यायचा नाही, दुखणं तेच.

पुढच्याच उन्हाळ्यात, १७८७ ला, फिलाडेल्फियात ५५ जण जमले, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून सगळं बंद दाराआड, आणि १७ सप्टेंबरला ३९ जणांनी नव्या घटनेवर सह्या केल्या. आता भीती दोन्हीकडून होती. सरकार दुबळं असलं तर लिफ्ट बंद, सरकार बळकट असलं तर परत राजा. हा सगळा विषय या दोन भीतींच्या मधे चालतो, माझ्या मते हे एवढं कळलं तर बाकी कलमं आपोआप लागतात.

एकाकडे चावी, दुसऱ्याकडे पेटी

घटना लोकांच्या गळी उतरवायला तीन जणांनी न्यूयॉर्कच्या पेपरांत ८५ लेख लिहिले, टोपणनावाने. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी. या लेखांना फेडरलिस्ट पेपर्स म्हणतात. त्यातला ५१ नंबरचा मॅडिसनचा. तो म्हणतो, माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच नव्हती, आणि देवदूत राज्य करत असते तर सरकारवर लगाम लागला नसता. पण माणसांवर माणसंच राज्य करणार. मग काय करायचं? चांगला माणूस शोधत बसायचं नाही, एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला भिडवायची.

देवळाची दानपेटी आठवा. ती पंचांसमोर उघडतात, किल्ली एकाकडे आणि मोजणी चार जणांनी. यात कोणावर संशय नसतो, उलट सगळे भले असतात, तरी पद्धत तशीच ठेवतात, कारण उद्या कोण येईल माहीत नाही. बँकेच्या लॉकरला एक किल्ली बँकेची आणि एक आपली, तसंच. काँग्रेस कायदा करते, राष्ट्राध्यक्ष तो परत पाठवू शकतो, काँग्रेस दोन तृतीयांशने तो तरीही करू शकते, कोर्ट तो घटनाबाह्य ठरवू शकतं, पण कोर्टाचे जज राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट मंजूर करतं. मंत्र्याला खासदार राहू देत नाहीत ते यासाठीच. चावीवाला आणि पेटीवाला एक होऊ द्यायचा नाही.

शटडाऊन ही त्याची किंमत आहे. दोन किल्ल्यांचं लॉकर सुरक्षित असतं पण एक किल्लीवाला रुसला तर उघडत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: हरलेल्यांचंही वाचायला लावतात

दहाव्या नंबरचा लेखही मॅडिसनचा, गटबाजीवर. तो म्हणतो गट पडणारच, स्वातंत्र्य आहे तिथे गट असणार, हवा आहे म्हणून आग लागते तर हवा बंद करून चालत नाही. उपाय म्हणजे देश मोठा ठेवा. आपल्या भाषेत सांगायचं तर लहान गावात दोनच भावक्या असल्या की जी मोठी तिचाच सरपंच, दुसरी कायम दबलेली. पण अख्ख्या जिल्ह्यात शंभर भावक्या, कोणाचंच एकट्याचं चालत नाही, प्रत्येकाला कोणालातरी बरोबर घ्यावं लागतं.

आणि याच यादीत, अगदी शेजारी, ब्रूटस नावाने लिहिणाऱ्या विरोधकाचा लेख आहे. खरा लेखक बहुतेक न्यूयॉर्कचे एक जज होते असं मानतात. ब्रूटस म्हणतो देश मोठा केलात तर निवडून दिलेला माणूस इतका लांब जाईल की त्याला तुमची अडचण माहीत नसेल आणि तुम्हाला त्याचा चेहरा. आणि केंद्राला "आवश्यक आणि योग्य" वाटतील ते कायदे करायची मुभा दिलीत तर हळूहळू राज्यं उरणारच नाहीत. ब्रूटसची बाजू हरली, घटना मंजूर झाली. पण त्यांच्या आरड्याओरड्यामुळेच १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या, बोलण्याचं, धर्माचं, छापण्याचं स्वातंत्र्य, बिल ऑफ राइट्स. म्हणजे अमेरिकन माणूस आज ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान बाळगतो ते हरलेल्यांनी मिळवून दिलेलं आहे.

आमच्या वेळी पुस्तकात घटनेची वैशिष्ट्यं होती, एक ते दहा. घटना समितीत कोण विरोधात बोललं, काय म्हणून बोललं, हे एका ओळीतही नव्हतं. मला हे फार लागतं. आपल्या घटना समितीतले वाद तर छापलेले आहेत, खंडच्या खंड, आणि ते वाचले तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना रस वाटेल इतके जिवंत आहेत.

बाकी तत्त्वज्ञान आहे पण थोडक्यात: इंग्लंडच्या जॉन लॉककडून जन्मसिद्ध हक्क आणि सरकार लोकांच्या संमतीवर चालतं ही कल्पना, फ्रान्सच्या मॉन्टेस्क्यूकडून सत्तेचे तीन भाग. आणि लोकशाहीचे तीन प्रकार, लोकांनी थेट भाग घेण्याची, गटांच्या चढाओढीची, आणि थोड्या जाणत्यांच्या हाती असलेली. मुलांना एखादी बातमी देऊन विचारतात यात कुठली दिसते. बस, एवढंच.

कोर्टाचे निकाल, आणि त्यातली शाळकरी पोरं

या यादीतल्या बऱ्याच खटल्यांत शाळा आहे, मुलांना ते लगेच भिडतं. १९६५ च्या डिसेंबरमध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही मुलांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत जायचं ठरवलं. शाळांना कुणकुण लागली, त्यांनी आधीच बंदी घातली, मुलं तरी गेली, घरी पाठवली. त्यातली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. खटला सुप्रीम कोर्टात गेला, १९६९ मध्ये ७ विरुद्ध २ ने मुलं जिंकली. कोर्टाने म्हटलं विद्यार्थी शाळेच्या फाटकापाशी आपले हक्क काढून ठेवत नाहीत, शाळेच्या कामात खरोखर अडथळा येत असेल तरच बंदी घालता येईल.

लेकीच्या वर्गात हा खटला परत चालवला. नऊ मुलं जज, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला शाळेची बाजू आली. घरी येऊन पाय आपटले, "मला ही बाजू पटतच नाही." सरांनी सांगितलेलं, पटत नाही म्हणूनच कर. मग तिने विरोधी निकाल लिहिणाऱ्या जस्टिस ह्यूगो ब्लॅक यांचं म्हणणं काढलं, की मुलं शाळेत शिकायला येतात, शिस्त कोणी ठरवायची, शिक्षकांनी की मुलांनी. तीन रात्री बसली. वर्गात ५ विरुद्ध ४ ने हिची बाजू जिंकली. गाडीत बसल्यावर पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मी जिंकले पण मला बरं वाटत नाहीये, मी त्यांना इतकं नीट पटवलं की मेरी बेथ हरली." मी काही बोलले नाही. मला वाटतं त्या पाच मिनिटांत ती जे शिकली ते कुठल्याच पर्यायाच्या प्रश्नात मावत नाही.

दुसरा खटला गिडियन नावाच्या माणसाचा. फ्लोरिडात बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळायच्या एका हॉलमध्ये किरकोळ चोरी केल्याचा आरोप, वकील करायला पैसे नाहीत, कोर्टाने वकील द्यायला नकार दिला, पाच वर्षं शिक्षा. त्याने तुरुंगातून पेन्सिलने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला. १९६३ मध्ये नऊच्या नऊ जजांनी म्हटलं गंभीर गुन्ह्यात गरिबाला सरकारने वकील दिलाच पाहिजे. पुन्हा खटला चालला, यावेळी वकील होता, तो निर्दोष सुटला.

लोपेझचा खटला मात्र मुलांना बुचकळ्यात टाकतो आणि म्हणूनच चांगला आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत लोपेझ हा बारावीचा मुलगा शाळेत बंदूक घेऊन आला. शाळेजवळ बंदूक नको हा केंद्राचा कायदा होता. कोर्टाने १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ ने कायदाच रद्द केला! कारण केंद्राला राज्यांमधल्या व्यापारावर कायदे करायचा अधिकार आहे, आणि शाळेत बंदूक आणणं हा व्यापार नाही. बंदूक वाईट हे सगळ्यांना मान्य, प्रश्न हा की ते थांबवायचं काम कोणाचं. चांगलं काम चुकीच्या हाताने करायचं का? ब्रूटसची जुनी भीती दोनशे वर्षांनी परत दारात.

आणि यादी पंधराची चौदा का झाली? गर्भपाताचा १९७३ चा रो विरुद्ध वेड हा निकाल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःच उलटवला, म्हणून तो यादीतून काढला. मोठ्या बहिणीच्या वहीत आहे आणि धाकटीच्या नाही असं काही घरांत झालंय.

"पण ज्यांनी गुलाम ठेवले ते कसली समता शिकवणार?"

हा आक्षेप माझ्या भावाचा, आणि तो खरा आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनने आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून ठेवली. मूळ घटनेत गुलाम हा शब्द टाळलाय पण हाऊसच्या जागा मोजताना गुलामांना तीन पंचमांश धरायचा हिशोब आहे, म्हणजे माणूस म्हणून शून्य हक्क आणि मालकाच्या राज्याला जागा मिळाव्यात म्हणून मोजणीत मात्र धरायचा. कोर्समध्ये हे लपवत नाहीत. नऊ कागदांतला काळाने शेवटचा कागद म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पेपरात लिहिलं होतं की थोडं थांबा, वर्णभेदाविरुद्धचं हे आंदोलन घाईचं आहे, त्याला हे उत्तर, सुरुवात त्याच पेपरच्या कोऱ्या कडेवर केलेली. "थांबा" म्हणजे बहुतेक वेळा "कधीच नाही", असं ते लिहितात.

हे वाचताना मला आपली माणसं आठवली आणि ती उगीच आठवली नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली. तिकडच्या यादवी युद्धानंतर गुलामी संपली १८६५ ला, म्हणजे अवघ्या आठ वर्षांत ती गोष्ट पुण्यात पोचलेली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्यांचे गुरू, आणि लोकशाही म्हणजे नुसती सरकारची पद्धत नाही, एकत्र जगण्याची रीत आहे, हे ड्युईंचं म्हणणं बाबासाहेबांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतं.

आता वह्या शेजारी ठेवून बघा. अमेरिकेची चौदावी दुरुस्ती, १८६८ ची, मुक्त झालेल्या गुलामांसाठी केलेली, तिच्यात शब्द आहेत "कायद्याचं समान संरक्षण". आपल्या घटनेतलं कलम १४, त्यातही तेच शब्द, तिथूनच आलेले. आकडा जुळला तो योगायोग, शब्द जुळले तो नाही.

त्याच दुरुस्तीचं पहिलं वाक्य आहे की इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याखाली असलेला प्रत्येक जण नागरिक. माझी लेक त्या एका वाक्यामुळे अमेरिकन आहे, ती झाली तेव्हा आम्ही दोघं वर्क व्हिसावर होतो. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर यापुढे जन्मणाऱ्या मुलांना हे नागरिकत्व नाही, आणि खालच्या कोर्टांनी तो अडवला. तो आठवडा आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात तीच चर्चा, कोणाच्या सुनेची तारीख फेब्रुवारीत, कोणाची मार्चमध्ये. लेक मला समजावत होती की राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने घटना बदलत नाही, घटना बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं लागतात, वाद होईल तो वाक्याच्या अर्थावर, म्हणून कोर्टात. मी तिला विचारलं तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली वाटते, पण कुठे लक्ष ठेवायचं ते कळतंय.

"मुलांना एका बाजूला ओढत नाहीत का?"

ओढू शकतात. शिक्षक माणूस आहे. आणि इकडे यावरून खरंच भांडणं चालू आहेत, २०२१ पासून बऱ्याच राज्यांनी वंश, वर्णभेद यावर वर्गात काय बोलायचं काय नाही याचे कायदे केलेत, काही शिक्षक हात आखडता घेऊन शिकवतात. पण पेपरची रचनाच अशी आहे की एका बाजूने लिहून पूर्ण मार्क पडत नाहीत. शेवटच्या निबंधात आपलं मत मांडायचं, ते मूळ कागदाच्या आधाराने सिद्ध करायचं, आणि विरुद्ध मत घेऊन त्याला उत्तर द्यायचं, त्याचा वेगळा मार्क असतो. कोणतं मत यावर मार्क नाहीत. ब्रूटसच्या बाजूने लिहा नाहीतर मॅडिसनच्या.

"जास्त मतं मिळूनही हरतात, ही कसली लोकशाही?"

२००० आणि २०१६ दोन्ही वेळा देशभरात जास्त मतं मिळालेला उमेदवार हरला. कारण राष्ट्राध्यक्ष राज्याराज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांनी ठरतो, २७० लागतात, आणि जवळपास सगळ्या राज्यांत जो पुढे त्याला राज्याची सगळी मतं. एका राज्यात चाळीस लाखांनी जिंका नाहीतर चार हजारांनी, तेवढीच. त्यात लहान राज्यांना झुकतं माप, सिनेटमध्ये तर जास्तच: कॅलिफोर्नियात २०२० च्या जनगणनेप्रमाणे ३ कोटी ९५ लाख लोक, वायोमिंगमध्ये ५ लाख ७७ हजार, दोघांचे सिनेटर दोन-दोन. १७८७ ला लहान राज्यं बैठक सोडून जायला निघाली होती, त्यांना थांबवायला केलेली ही तडजोड. माझं स्वतःचं मत आहे की ती आता जड झालीय. लेकीचं मत वेगळं आहे, आणि तिची मांडणी माझ्यापेक्षा बरी आहे हे मान्य करते.

"इंजिनियरिंगला जायचंय, याचा उपयोग काय?"

हे मराठी पालकांचं नेहमीचं. वेळ कमी, फिजिक्स घेऊ दे. मला हा प्रश्न समजतो, पण मूल अठराचं झालं की मत देणार, ज्युरीवर, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत, बोलावणं येऊ शकतं, तिथे बसून दुसऱ्याच्या तुरुंगवासाचा निर्णय करायचा. अठराचं वयसुद्धा १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने आलं, अठराव्या वर्षी व्हिएतनामला लढायला पाठवता तर मत एकविसाव्या वर्षी का, या रागातून. आमच्या घरात मी आणि माझा नवरा अजून ग्रीनकार्डवर, मतदान करणारी पहिली तीच. आणि हा विषय सगळ्यांना नीट मिळतोय असंही नाही. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतली फक्त २२ टक्के मुलं नागरिकशास्त्रात अपेक्षित पातळीला पोचली. ऱ्होड आयलंडच्या विद्यार्थ्यांनी तर २०१८ मध्ये खटलाच केला की आम्हाला नागरिक व्हायचं शिक्षण मिळणं हा आमचा घटनात्मक हक्क आहे. हरले ते, अपिलातही. अमेरिकेच्या घटनेत शिक्षण हा शब्दच नाही. आपल्या घटनेत निदान शिक्षणहक्काचं कलम २१-क आहे, सहा ते चौदा वर्षांसाठी.

कुणाला वाचायचं असेल तर

सगळे कागद नेटवर फुकट आहेत. क्रमाने घटनेपासून सुरू करू नका, कंटाळा येतो. आधी किंग यांचं पत्र वाचा, भाषा आपल्या काळातली आहे. मग ५१ नंबर, तो छोटा आहे. मग १० आणि ब्रूटस एकाच दिवशी, शेजारी शेजारी, एक पान याचं एक पान त्याचं. घटना सगळ्यात शेवटी, साडेचार हजारच्या आसपास शब्द आहेत, एका दुपारी होते, आणि तोवर प्रत्येक कलम कोणाच्या भीतीतून आलं ते ओळखू येतं. पहिलं कलम सगळ्यात लांब आहे, ते काँग्रेसचं, पैशांचं वाक्य त्यातच नवव्या पोटकलमात आहे. आईला मी तेवढं वाक्य मराठीत करून व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिने ते सांगलीतल्या तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आणि आता तिथून प्रश्न येतायत.